आपल्या माळावरचा वसंत

(१९९६च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. पडद्यावर दाखवलेली छायाचित्रं इथे देता आलेली नाहीत. तेवढे उल्लेख काढून बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)





मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी झाल्यानंतरचं सत्र संयोजकांनी मला दिलंय, वर दिवे बंद करून फोटो दाखव म्हणालेत. यामागे काय हेतू आहे ते मी ओळखलंय. ज्यांना डुलकी लागेल त्यांनी खुशाल घ्यावी. इतिहासाच्या तासाला आपण घेतच होतो. सर हसतायत, म्हणजे त्यांनाही ते माहीत होतं.

मला विषय दिलाय तो असा: वसंत ऋतूत आपल्या भागात कुठे फिरावं, काय बघावं, फोटो कसे काढावेत. मी लगेच हो म्हटलं, कारण गेली चार-पाच वर्षं माझे शनिवार-रविवार त्यातच जातात. पण स्लाइड्स करायला बसले आणि एका फोटोपाशी अडले. तो घातला, काढला, परत घातला. शेवटी काढलाच. त्याचं कारण सांगणार आहे, पण आधी जे सुखाचं आहे ते.

माझं माहेर शिरूर, सासर दौंड आणि नोकरी खराडीला. म्हणजे नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता यांच्यामध्ये माझं आयुष्य गेलंय. २००२ साली इंजिनिअर झाले, नोकरीला लागले आणि त्यानंतरची अठरा वर्षं मला वसंत ऋतू आठवतच नाही. खरंच आठवत नाही. मार्च म्हणजे वर्षअखेर, क्लायंटची वर्षअखेर, मुलाची परीक्षा. एप्रिल म्हणजे अप्रेझल. एसीच्या काचेच्या इमारतीत बारा महिने एकच हवा असते, चोवीस अंश. शिरूरला यायचे ते दिवाळीला आणि पाडव्याला, तेही रात्री उशिरा पोचून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत.

२०२०चा पाडवा २५ मार्चला होता. मी मुलाला घेऊन दोन दिवस आधीच आईकडे आले होते, आणि पाडव्याच्याच दिवशी देशभर लॉकडाउन सुरू झाला. दोन दिवसांसाठी आलेली मी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शिरूरला राहिले. सकाळी लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसायचे, कारण खाली नेटवर्क मिळत नव्हतं. आमच्या गच्चीला लागून शेजाऱ्यांचा कडुनिंब आहे. मी लहान असल्यापासून आहे. त्याला फुलं येतात हे मला माहीत होतं, पाडव्याला चटणीत घालतोच की आपण. पण त्या फुलांना रात्री आणि पहाटे इतका वास येतो, हे मला चाळिशीला कळलं. गच्चीवर सकाळी पांढरा चुरा पडलेला असायचा. नगर रस्त्यावरची वाहनं थांबलेली होती, त्यामुळे कोकीळ ओरडतोय आणि कोणत्या झाडावरून ओरडतोय हेही कळत होतं. बाहेर काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्या दिवसांना चांगलं म्हणायची माझी हिंमत नाही. आपल्या बॅचमधले दोघेजण आपण पुढच्या वर्षी गमावले. पण तो कडुनिंब मी तेव्हा पाहिला, हेही खरं आहे.

त्याच दिवसांत आईने पोटमाळा आवरायला काढला, आणि त्यात माझी आठवीची निरीक्षणवही सापडली. विज्ञानाच्या बाई समोरच बसल्यात. बाई, तुम्ही आम्हाला प्रत्येकाला एकेक झाड वाटून दिलं होतं आणि दर शनिवारी त्याची नोंद करायला लावली होती, आठवतंय? माझ्या वाट्याला घोडनदीच्या काठचा पळस आला होता. वहीत १२ मार्च १९९४ची नोंद आहे: "पाने नाहीत. फुले १०० टक्के." आणि त्याखाली तुमच्या लाल शाईत लिहिलंय: "१०० टक्के म्हणजे किती? मोजलीस का?"

ती वही मी आज आणली आहे. नंतर ज्यांना बघायची त्यांनी बघा. सव्वीस नोंदी आहेत, त्यातल्या निदान दहा मी घरी बसून लिहिल्यात. बाई, हे आज कबूल करते. नदीपर्यंत जायचा कंटाळा यायचा.

गंमत म्हणजे हेच काम आता देशभर लोक हौसेने करतात. सीझनवॉच नावाचा प्रकल्प आहे. त्यात आपण एक झाड निवडायचं, आठवड्यातून एकदा बघायचं आणि पानं, कळ्या, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवायचं. त्यात टक्के विचारत नाहीत. काहीच नाही, थोडी, पुष्कळ, एवढंच विचारतात. बाईंचा आक्षेप त्यांनी आधीच मान्य केलेला दिसतो. शाळांनाही त्यात भाग घेता येतो, म्हणून आत्ताच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की याचा विचार व्हावा.

आता ठिकाणं. मी परदेशातलं किंवा हिमाचलमधलं काही दाखवणार नाही. सगळं शिरूर-दौंडपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

आपल्याकडे वसंत म्हटलं की लोकांना कोकण आठवतं, महाबळेश्वर आठवतं. आपला भाग म्हणजे ऊस, कांदा, धूळ आणि एमआयडीसी, असं आपणच सांगत सुटतो. पण फेब्रुवारीच्या शेवटी न्हावऱ्याकडे जा. बियाणासाठी धरलेल्या कांद्याचं रान बघा. गुडघ्याएवढ्या हिरव्या दांड्यांवर पांढरे गोल गोंडे, आणि त्यावर मधमाश्या इतक्या की रान गुणगुणतं. मी त्याचा फोटो पुण्यात ऑफिसमध्ये लावलाय. लोक विचारतात कुठलं फूल, कुठल्या देशातलं. मी सांगते, कांदा.

मग निघोजचे रांजणखळगे. आपण सातवीत सहलीला गेलो होतो आणि एकाची चप्पल खळग्यात पडली होती, तो आज पहिल्या रांगेत बसलाय. अलीकडचा काठ शिरूरच्या टाकळी हाजीचा, पलीकडचा पारनेरच्या निघोजचा, मध्ये कुकडी. पावसाळ्याच्या पाण्यात गोटे एका जागी गरगर फिरतात आणि बेसाल्टचा खडक रांजणासारखा कोरत नेतात, हे भूगोलात शिकलो होतो. पण बघायला जायचं ते आत्ता, पाणी उतरल्यावर. सकाळी आठच्या आत किंवा ऊन तिरकं झाल्यावर संध्याकाळी. भर दुपारी काळ्या खडकाचा फोटो काढला तर सगळं सपाट दिसतं, खोलीच दिसत नाही. तिरक्या उन्हात प्रत्येक खळग्याची सावली पडते आणि मग तो खळगा दिसतो. चैत्रात मळगंगेची यात्रा असते तेव्हा गर्दी असते. ज्यांना गर्दी आवडते त्यांनी तेव्हाच जावं. मला आवडते. कडेला पाय घसरतो, एवढं लक्षात ठेवा, आणि आता आपण सातवीत नाही.

मोराच्या चिंचोलीबद्दल थोडक्यात. लोक पावसाळ्यात नाच बघायला जातात. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी मोराचा पिसारा पूर्ण भरलेला असतो आणि झाडोरा विरळ, त्यामुळे दिसतो चांगला. पहाटे जा. मात्र उसाच्या कडेने पायी हिंडू नका. ही गोष्ट मी इथे हसत सांगणार नाही. आपल्या शिरूर, जुन्नर, आंबेगाव भागात बिबट्याने माणसं नेली आहेत, लहान मुलं नेली आहेत. ऊसतोडीच्या दिवसांत बछडी सापडतात आणि मादी जवळच असते. अंधार असेपर्यंत गाडीतच बसा, मुलांना पुढे पळू देऊ नका.

दौंडच्या बाजूला आलं की गोष्ट वेगळी होते. तिथे भीमा आहे आणि तिथून पुढे उजनी. आपली कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते. म्हणजे रांजणखळग्यांतून गेलेलं पाणी शेवटी तिथेच पोचतं. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. आपण जन्मलो त्याच सुमाराला. त्यात गावंच्या गावं गेली, पळसदेवचं जुनं देऊळ गेलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं तर ते देऊळ वर येतं. माझ्या सासूबाईंच्या मावशीचं घर त्या पाण्यात गेलंय. आम्ही पक्षी बघायला निघालो की सासूबाई म्हणतात, "जा, आमच्या मावशीच्या अंगणात पाखरं बघून या." त्या हे चेष्टेने म्हणतात की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

पाणी जसजसं उतरतं तशी काठाला चिखलाची उथळ पट्टी तयार होते आणि त्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी घालून खाणं गाळत फिरतात. हिवाळ्यात येतात आणि उन्हाळा पुरता तापेपर्यंत असतात. लोकांना वाटतं सायबेरियातून येतात. देशातली त्यांची विणीची प्रसिद्ध जागा कच्छच्या रणात आहे. हिमालय ओलांडून येतात ते पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, पण ते मार्च संपेपर्यंत बहुतेक गेलेले असतात. भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळ या दोन जागा. कुंभारगावात मासेमारी करणारे लोकच होडीतून नेतात आणि त्यांना पक्षी पाठ आहेत. पुस्तकातली नावंही आणि स्वतःची नावंही. जवळच भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात, ती काठावरून दुर्बिणीने दिसतात.

माझं मत विचाराल तर भिगवणला गाडीने जाऊच नये. दौंडला पॅसेंजरमध्ये बसावं. माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. ते दर वेळी खिडकीशी बसून एकेका सिग्नलचा इतिहास सांगतात, आणि मध्येच म्हणतात, "तो बघ खाटीक बसलाय तारेवर." तीस वर्षं गाडीच्या शेपटाला बसून त्यांनी जे पाहिलंय ते मी लेन्स घेऊन शोधते. त्यांना पक्ष्यांची इंग्रजी नावं एकही येत नाहीत.

भोरड्यांबद्दल सांगते आणि मग त्या गोष्टीकडे येते. भोरडी म्हणजे पळसमैना, गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची. वीण तिकडे पूर्व युरोप, मध्य आशियात, हिवाळा आपल्याकडे. परतीच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, हजारोंनी एकत्र जमतात आणि संध्याकाळी उजनीच्या काठावर आभाळात त्यांचे आकार होतात. चादर झटकल्यासारखे. त्याचा मी व्हिडिओ दाखवला, पण खरं सांगते, त्यात काही नाही. तो आवाज नाही, पंखांचा. तिथे कॅमेरा खाली ठेवावा. ज्वारीच्या शेतकऱ्याला भोरडी नकोशी असते, हेही आपल्यातल्या शेतकरी मित्रांसमोर सांगायला हवं. पण ती टोळही खाते, आणि पळसाच्या फुलांतून परागही नेते.

तर आता तो फोटो.

चौफुला, पाटस, सुपे या पट्ट्यात जी मोकळी माळरानं आहेत, तिथे मी २०२१पासून जाते. त्या वर्षी एक वापरलेला कॅमेरा आणि चारशे एमएमची लेन्स घेतली. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तुम्हाला माहीत असेल, चिंकारासाठी राखलेलं. १९९७ सालचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. सकाळी मोरगावचं दर्शन आणि जाता-येता चिंकारा, असा बेत सहज होतो. पण अभयारण्याच्या बाहेरही माळ पुष्कळ आहे. सरकारी कागदावर पड जमीन, गायरान. लांबून बघाल तर काहीच नाही. वाळलेलं पिवळं गवत, खुरटी हिवराची झाडं, मेंढ्या. आम्हीसुद्धा लहानपणी एसटीतून जाताना म्हणायचो, काय भकास आहे. तिथे मार्चमध्ये सकाळी सहाला जाऊन नुसतं गप्प बसलं तर तासाभरात चंडोल गात वर चढताना दिसतो, भोवत्या गवतावरून तरंगत जातो, लांडगा दिसला तर तो दिवस आपला. त्या माळाला झाडांचा वसंत नाही. त्याचा वसंत जमिनीवर असतो, कारण तिथले पक्षी अंडी जमिनीवरच घालतात.

तिथे मला एक मावशी भेटल्या. धनगर, आपल्याच तालुक्यातल्या, साठीच्या. पहिल्या वर्षी त्या माझ्याकडे बघायच्याही नाहीत. दुसऱ्या वर्षी विचारलं, "कोण गावची?" मी दौंडची सून म्हटल्यावर थोडं बोलणं सुरू झालं. त्यांच्या मेंढ्यांच्या कडेने बसलं की पक्षी माणसाला बुजत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. तिसऱ्या वर्षी, मार्चअखेर, त्यांनी मला बोटाने एक जागा दाखवली. मला तिथे काहीच दिसेना. "अगं, पायाखाली बघ." चार पावलांवर, लेंड्या आणि खड्यांमध्ये, दोन अंडी. मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची. घरटं म्हणून एक काडीसुद्धा नाही. धाविक पक्ष्याची.

धाविक म्हणजे विटकरी पोटाचा, डोळ्यावरून पांढरी-काळी रेघ गेलेला, उंच पायांचा देखणा पक्षी. भुर्र उडण्यापेक्षा तुरुतुरु पळतो, थांबतो, परत पळतो. शहरातून येणारे फोटोग्राफर त्याच्यासाठी दोन-दोन दिवस हिंडतात. मी मागे सरून, लांब गाडीत जाऊन बसले. वीस मिनिटांनी मादी की नर, कोण होतं माहीत नाही, आलं आणि अंड्यांवर बसलं. सूर्य माझ्या पाठीशी होता. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे. डोळ्यात आभाळाचं प्रतिबिंब आहे.

घरी येऊन मी तो आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, एकशे दहा अंगठे आले होते. आणि कोणीतरी विचारलं, "कुठे आहे हे? रविवारी मुलांना घेऊन जातो." मी पिन टाकली.

माझं पोटापाण्याचं काम काय आहे ते बहुतेकांना माहीत नाही. मी लोकेशनवरच काम करते. गाडी कुठे आहे, पार्सल कुठे आहे, माणूस कुठे आहे हे नकाशावर दाखवणारी सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. पंधरा वर्षं तेच करते. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागा लिहिलेली असते, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते, हे मला पाठ आहे. म्हणून मी मुद्दाम वेगळी पिन टाकली. नेमकी. मी गाडी लावली होती तिथली नाही, अंड्यांजवळची. अचूकतेची सवय.

पुढच्या रविवारी मला जमलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी गेले. मावशी मेंढ्या घेऊन होत्या, पण माझ्याकडे पाठ करून. जवळ गेले तरी वळल्या नाहीत. मग म्हणाल्या,

"म्या तुला दावलं व्हतं. गावाला न्हवतं दावलं."

रविवारी सकाळी पाच गाड्या आल्या होत्या. पुण्याच्या पासिंगच्या. लोकांनी घडीच्या खुर्च्या मांडल्या, अंड्यांच्या चहूबाजूंनी. पक्षी जवळ यावा म्हणून एकाने फोनवर त्याचा आवाज लावला. मावशींनी हटकलं तर त्यांना सांगितलं, आम्ही सरकारी जागेत आहोत. पक्षी लांबून चकरा मारत राहिला. मार्चअखेरचं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. अशा पक्ष्यांना दुपारी अंड्यांवर बसावं लागतं ते ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. गाड्या दोन वाजता हलल्या. नंतर पक्षी येऊन बसला, दुसऱ्या दिवशी बसला, मग सोडून गेला. अंडी तशीच पडली होती. मग एक दिवस नव्हती, कावळ्याने नेली असतील.

मावशींनी हे सगळं मेंढ्यांकडे बघत सांगितलं.

ती पिन आपल्या ग्रुपमधून पुढे कोणी पाठवली, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही, आणि जेवताना कोणी कोणाकडे बघू नका. ज्याने पाठवली असेल त्याने कौतुकानेच पाठवली असेल. आपल्या मैत्रिणीने काढलेला फोटो म्हणून. पिन मी टाकली होती. आणि समोरच्या पाचही गाड्यांतल्या लोकांना मी ओळखत नाही, पण त्यांच्याइतकीच मलाही त्या फोटोची हाव होती. मी फक्त पहिली पोचले होते. मी गाडीत वीस मिनिटं बसले तेव्हा तो पक्षीही वीस मिनिटं उन्हात थांबला होता, हे मला नंतर कळलं.

म्हणून तो फोटो आज दाखवला नाही. पुसून टाकलेला नाही, खोटं कशाला सांगू. आहे माझ्याकडे.

त्यानंतर मी काय करते ते सांगते, कारण तुमच्यातल्या पाच-सहा जणांकडे चांगले कॅमेरे आलेत आणि सकाळपासून मला सेटिंग विचारतायत. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत मी घरट्याचा फोटो काढत नाही, कुठल्याही पक्ष्याचा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजायचं आपण तिच्या अंड्यांच्या जवळ आहोत, आल्या वाटेने मागे फिरायचं. पक्ष्याचा आवाज फोनवर लावत नाही. भिगवणला होडीवाल्या दादांना आधीच सांगते की थवा उडवायचा नाही. काही पाहुणे त्यासाठी जास्तीचे पैसे देतात, आणि दादांना घर चालवायचं असतं, म्हणून मी न उडवण्याचे जास्तीचे देते. जागा सांगायची झाली तर तालुक्याचं नाव सांगते. आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळं संकटात असलेल्या जीवांची जागा नकाशावर मुद्दाम धूसर करतात. मी ऑफिसमध्ये एकदा गमतीत म्हटलं, आपण आयुष्यभर पिन बारीक करत आलो, मला आता मोठी करायचं काम द्या. कोणाला कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग लोकांनी तिथे जायचंच नाही का? मला असं वाटत नाही. कोणी गेलंच नाही तर ती पड जमीनच राहील, आणि पड जमिनीवर उद्या काहीही उभं राहू शकतं. वन खात्याने इंदापुरात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. ठरलेली वाट, बरोबर गावातला माहीतगार. मला ते बरं वाटतं, त्यात गावाला चार पैसे मिळतात आणि गाडी वाटेवरच राहते. माझ्या मैत्रिणीला वाटतं की त्यानेही गर्दी होईल. आमचा यावर वाद होतो, अजून मिटलेला नाही.

मावशींकडे मी पुढचं वर्षभर गेले नाही. लाज वाटत होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सासऱ्यांना घेऊन गेले, कॅमेरा न घेता. मुद्दाम असं काही नाही, लेन्स दुरुस्तीला होती. मावशी भेटल्या. माझ्याशी नाही, सासऱ्यांशी बोलल्या. रेल्वे, पाऊस, मेंढ्यांचे भाव, कोणाची सोयरीक कुठे झाली. अर्धा तास. मी बाजूला उभी. निघताना त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "सुनंनं ते डबडं न्हाई आणलं व्हय आज?" ते म्हणाले नाही आणलं. त्या म्हणाल्या, "बरं."

एवढंच. यंदा अजून गेलेले नाही. पाडव्यानंतर जाईन.

आता कामाचं. येत्या रविवारी आपण भिगवणला जातोय, दौंडहून पॅसेंजरने. शिरूरच्या मंडळींनी पहाटे न्हावरा, चौफुला मार्गे दौंड स्टेशनला यायचं. गाडीची नेमकी वेळ सासरे आदल्या दिवशी सांगतील, त्यांच्यावर माझा ॲपपेक्षा जास्त विश्वास आहे. भडक कपडे नकोत, अत्तर नको, टोपी आणि पाणी हवं. दुर्बीण असेल तर आणा, माझ्याकडे दोन आहेत. परत येताना केडगावच्या बाजूला एका गुऱ्हाळावर थांबायचंय, गरम काकवी मिळेल, मधुमेहवाल्यांनी लांबून वास घ्यावा. विज्ञानाच्या बाई येणार आहेत आणि त्यांनी मला आत्ताच बजावलंय की प्रत्येकाने वही-पेन आणायचं. डबा आपापला. दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवलाय, त्यावर नावं लिहा, आणि कृपा करून ग्रुपवर "मी पण" असं एकशे दहा वेळा लिहू नका.